‘तिर्रट नावाचा जुगार’ लिहिणाऱ्या हातांसाठी: पोकर स्पर्धेचं थेट वार्तांकन

मराठवाड्यात तालुका-जिल्ह्याची बातमीदारी केलेल्या माणसाचा पत्त्यांशी संबंध येतो तो पोलिसांच्या प्रेसनोटमधून. ‘गोलाकार बसून विनापरवाना तिर्रट नावाचा हारजीतचा जुगार खेळत व खेळवीत असताना मिळून आले.’ पुढे रोख रक्कम, बावन्न पत्ते, चार मोबाईल, दोन मोटारसायकली आणि एकूण मुद्देमाल. लातूरला मी हे वाक्य इतक्या वेळा टाईप केलंय की गोव्यात पहिल्यांदा पोकर स्पर्धा लिहायला बसलो तेव्हा बोटं आपोआप ‘गोलाकार बसून’कडे वळली. टेबल लंबगोल होतं, म्हणून वाचलो.

त्या खेपेला सांगणारं कुणी नव्हतं. आता आपल्याकडची पोरं फोन करून विचारतात, ‘सर, गोव्याला जायलाव, काय काय लागंल?’ प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

निघण्याआधी

गोव्यालाच का, हे आधी. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली राज्याने कॅसिनोंच्या नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. आपल्याकडे चालतो तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. गोव्याने मात्र आपल्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत आणि मग पाण्यावरच्या बोटींत वाट मोकळी केली. म्हणून पणजीत मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी दिसतात. मोठ्या पोकर स्पर्धा यातल्याच एखाद्या जहाजावर नाहीतर हॉटेलात होतात.

एकवीस वर्षांखालच्याला आत घेत नाहीत, त्यामुळे कॉलेजातला हौशी फोटोग्राफर मित्र सोबत न्यायचा बेत असेल तर त्याचं आधार कार्ड आधी बघा. आयोजकांना आठ-दहा दिवस आधी मेल करून वार्ताहर म्हणून परवानगी घ्या, आणि त्या मेलमध्ये तीन गोष्टी स्पष्ट विचारा: टेबलांच्या रांगांत फिरता येईल का, फोटो कुठे काढता येतील, आणि बसायला टेबल व प्लग पॉइंट मिळेल का. कॅसिनोच्या खेळाच्या मजल्यावर फोन वर केला तरी सुरक्षारक्षक खांद्यावर हात ठेवतो. परवानगीचा मेल छापून खिशात ठेवा, कारण दारावरच्या माणसाला तुमच्या मोबाईलमधलं काही वाचायची हौस नसते.

सामानात दोन वह्या, चार पेनं, पॉवर बँक आणि एक जाड शर्ट. हसू नका. लातूरच्या उन्हातून निघालेला माणूस त्या एसीत सहा तासांत गारठतो. बूट मऊ घ्या, बसायला कमी आणि उभं राहायला जास्त लागतं. दुपारी सुरू झालेला खेळ मध्यरात्र उलटेपर्यंत चालतो.

खेळ शिकून जा, निदान एवढा तरी

स्पर्धांत बहुतेक वेळा टेक्सास होल्डम खेळतात. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. मध्ये पाच पत्ते उघडे पडतात: आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, शेवटचा रिव्हर. सात पत्त्यांतून उत्तम पाच निवडायचे. दर टप्प्याला बोली. पत्ते वाटण्याआधीच दोघांना सक्तीने चिप्स (मोजणीच्या गोल चकत्या) टाकाव्या लागतात, ते स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. हे आकडे ठरावीक मिनिटांनी वाढत जातात, त्या प्रत्येक टप्प्याला लेव्हल म्हणतात. चिप्स संपल्या की खेळाडू बाद.

आपल्या लोकांची चूक कुठे होते ते सांगतो. तीन पत्तीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ‘कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा’ हे पक्कं बसलेलं असतं. पोकरमध्ये उलटं आहे: पाच एका रंगाचे पत्ते, म्हणजे फ्लश, हे क्रमाने आलेल्या पाच पत्त्यांपेक्षा, म्हणजे स्ट्रेटपेक्षा, वरचढ. यात लहर कुणाची नाही, हिशेब आहे. तीन पत्त्यांत साधे सिक्वेन्स ७२० तऱ्हांनी येतात आणि कलर १,०९६ तऱ्हांनी, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांत स्ट्रेट १०,२०० तऱ्हांनी आणि फ्लश ५,१०८ तऱ्हांनी, म्हणून तिथे फ्लश दुर्मीळ. जे दुर्मीळ ते मोठं. लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेल्यांना हे गणित एका मिनिटात पटतं, बाकीच्यांनी पाठ करा. तिथे उभं राहून ‘अरे, हा कसा जिंकला?’ असं शेजाऱ्याला विचारलंत, तर पुढचे तीन दिवस तुमच्याकडे तसंच बघितलं जाईल.

आणि पत्त्यांना मराठी नावं आहेत, ती वापरा. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती. ‘किंग ऑफ स्पेड्स’ लिहिणाऱ्याने घरी मेंढीकोट खेळलेलं नसावं असा मला संशय येतो. खेळाच्या क्रिया मात्र रेज (बोली वाढवणं), कॉल (समोरच्याइतकंच लावणं), फोल्ड (पत्ते टाकणं), चेक (काही न लावता पुढे सोडणं), ऑल-इन (उरलेलं सगळं लावणं) अशाच राहू द्या. त्यांना प्रतिशब्द घडवायला गेलात की वाचक दमतो.

पहिलं काम: चळत मोजणं

थेट वार्तांकनाचा कणा म्हणजे चिप काउंट, कोणाकडे किती चिप्स आहेत तो तक्ता. वाचक आधी तो बघतो, तुमची वाक्यं नंतर.

हॉलमध्ये शिरल्यावर सर्वांत आधी चिप्सच्या रंगांचा तक्ता वहीत उतरवा. शंभरची कोणत्या रंगाची, पाचशेची, हजारची, पाच हजारची. हे रंग जागोजागी बदलतात, गेल्या खेपेचं यावेळी चालत नाही. मी हे कसं शिकलो ते ऐका. पिवळट उजेडात मी पाच हजारच्या चिप्सची एक अख्खी चळत हजारची समजलो. चळतीत वीस चिप्स असतात, म्हणजे एका नजरेत ८०,००० चा फरक. ज्याच्याकडे १,१५,००० होते, त्याच्या नावापुढे मी ३५,००० टाकले आणि वर ‘अडचणीत’ असं लिहिलं. अर्ध्या तासात त्या खेळाडूला उदगीरहून मेव्हण्याचा फोन, ‘दाजी, तुमचं सगळं जायलंय म्हणं?’ ब्रेकमध्ये तो माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. नुसतं म्हणाला, ‘या, मोजा.’ मी त्याच्यासमोर मोजल्या. तेव्हापासून रंगांचा तक्ता मी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवतो.

मोजायची रीत सोपी आहे. खेळाडू एकसारख्या चिप्स वीस-वीसच्या चळतींत रचतात. पूर्ण चळती आधी धरा, मग सुट्या. हजारच्या दोन चळती म्हणजे ४०,०००, पाच हजारच्या सहा सुट्या म्हणजे ३०,०००, झाले ७०,०००. चळत वीसचीच आहे ना, हे शेजारच्या चळतीशी उंची ताडून कळतं. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, दिसतील अशा ठेवायचा नियम आहे. तरी त्या कुणाच्या मनगटाआड राहतात, तेव्हा वाकून न बघता दुसऱ्या बाजूने फेरी मारा. खेळाडूच्या चिप्सना हात लावायचा नाही, बोट दाखवूनही मोजायचं नाही. विचारायचं असेल तर हात, म्हणजे चालू डाव, संपल्यावर, हळू आवाजात.

रोज एक ताळाही करा. समजा २०० एंट्री झाल्या आणि प्रत्येकाला सुरुवातीला ३०,००० चिप्स. एकूण ६० लाख. २४ जण उरलेत तर सरासरी अडीच लाख. तुमच्या तक्त्यातल्या २४ नावांची बेरीज ६० लाखांच्या आसपास आली पाहिजे. साठऐवजी पंचावन्न आली, तर कुठेतरी एका माणसाच्या चळती तुम्ही बघितल्याच नाहीत. एंट्री आणि माणसं यांची गल्लत करू नका: बाद झालेला पुन्हा पैसे भरून बसतो, त्यामुळे २०० एंट्री म्हणजे २०० खेळाडू नव्हेत.

एक हात कसा टिपायचा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फडाच्या कडेला बसून ज्याने कुस्त्या लिहिल्यात त्याला एक सवय असते: नजर मल्लांवर, हात वहीवर. ती इथे कामाला येते. फरक इतकाच की फडात पाठ लागली की लाख माणसं ओरडतात, आणि इथे सर्वांत मोठा डाव ‘कॉल’ एवढ्या पुटपुटण्यात संपतो. वीस टेबलं एकाच वेळी चालू असतात. सगळं बघू म्हणाल तर काहीच दिसणार नाही. पत्ते वाटणारा डीलर मोठ्याने ‘ऑल-इन अँड कॉल’ म्हणतो, तिकडे चालत सुटा. नाहीतर ज्या टेबलावर दोन मोठ्या चळतीवाले समोरासमोर बसलेत, तिथे तासभर रोवून उभे राहा. मला दुसरी पद्धत जास्त फळली.

उभं राहायची जागा डीलरच्या मागे. खेळाडूच्या मागे उभं राहिलं की त्याचे पत्ते दिसतात, आणि दिसले नाहीत तरी त्याला दिसले असं वाटतं.

वहीत मी असं लिहितो: ‘ले १२. १-२ ह, अँ २. सी ७ कऑ ४५००. सी १ बिब्ला कॉ. पॉ १२. इ राणी, ब ९, कि ४. चे, ५, कॉ. पॉ २२. चौ ९. चे, १४, सी १ ऑ-इ ५०, कॉ.’ आकड्यांचे पत्ते आकड्यातच लिहा, कारण घाईत ‘चौकी’ आणि ‘चौकट’ एकसारखे दिसतात आणि चौकट चौकी आली तर देवच तारी.

हेच वाचकांसाठी लिहायचं ते असं (पॉट म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, कटऑफ म्हणजे स्मॉल ब्लाइंडच्या दोन जागा आधीची खुर्ची, आणि अँटी म्हणजे ब्लाइंडखेरीजची सक्तीची भर, इथे ती एकटा बिग ब्लाइंड भरतो):

‘बारावी लेव्हल, ब्लाइंड १,०००-२,०००, अँटी २,०००. सात नंबरच्या खुर्चीवरच्या खेळाडूने कटऑफवरून ४,५०० लावले. बिग ब्लाइंडवर बसलेल्या एक नंबरने कॉल केला, बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले. पॉट १२,०००. फ्लॉपला इस्पिक राणी, बदाम नव्वी, किलवर चौकी. बिग ब्लाइंडचा चेक, कटऑफचे ५,०००, कॉल. टर्नला चौकट नव्वी. पुन्हा चेक. कटऑफने १४,००० पुढे सरकवले आणि बिग ब्लाइंडने उरलेले सगळे, ५०,०००, मध्ये ढकलले. कटऑफने जवळपास मिनिटभर घेतलं आणि कॉल केला. बिग ब्लाइंडकडे किलवर नव्वी-अठ्ठी, म्हणजे तीन नव्व्या. कटऑफकडे चौकट एक्का आणि बदाम राणी. रिव्हरला पडली किलवर राणी. दोघांचंही फुल हाउस, म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी, झालं, पण तीन राण्या तीन नव्व्यांवर भारी. एक नंबरची खुर्ची रिकामी झाली.’

आता बेरीज तपासा. हाताच्या सुरुवातीला कटऑफकडे १,१०,००० होते आणि बिग ब्लाइंडकडे ६१,५००. स्मॉल ब्लाइंडचे १,००० वाया गेले. तिन्ही मिळून १,७२,५००, तेवढेच आता कटऑफसमोर हवेत. चळती बघा, आकडा जुळला तरच पाठवा. नाही जुळला तर मधली एखादी बोली तुमच्याकडून सुटलीय. अशा वेळी मी सरळ लिहितो, ‘आम्ही पोचलो तेव्हा टर्न पडलेला होता आणि मध्ये सुमारे २२,००० होते.’ वाचक याला नाव ठेवत नाही. अंदाजाने भरलेला फ्लॉप मात्र त्या टेबलावरचे बाकीचे सात-आठ जण वाचतात, आणि त्यांना तो चांगला आठवत असतो.

न दाखवलेल्या पत्त्यांबद्दल एक अक्षर लिहू नका. ऑल-इन आणि कॉल झाल्यावर स्पर्धेत पत्ते उघडे करावेच लागतात. पण समोरच्याने पत्ते टाकले, तर जिंकणाऱ्याने काय धरलं होतं हे त्याचं त्याला माहीत. तो नंतर सांगेल, ‘माझ्याकडे जोडी होती.’ मग लिहायचं, ‘त्याच्या सांगण्यानुसार’. हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात, वर चेहरे असे की जणू पावसाची वाट बघतायत. सौदा झाल्यावर त्यातला कोणीही तुम्हाला खरा आकडा सांगत नाही. पोकरवाले त्यांचेच भाऊबंद. ‘त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती’ असली वाक्यं मी आता कापतो. भीती त्याने मुद्दाम दाखवली असेल तर? हात थरथरला, पाण्याची बाटली उचलून तशीच ठेवली, चिप्स दोनदा मोजल्या, हे दिसलं तर लिहा.

बबल

बक्षिसं समजा २७ जणांना आहेत आणि २८ उरलेत. पुढे बाद होणारा रिकाम्या हाताने घरी जाणार. याला बबल म्हणतात, आणि दिवसभरात चुकवू नये अशी एखादीच वेळ असेल तर ती ही. चहा, जेवण, बायकोचा फोन, सगळं त्याच्या आधी उरकून घ्या.

इथे सगळी टेबलं हातोहात खेळतात: प्रत्येक टेबलाने एकच हात खेळायचा आणि बाकीची संपेपर्यंत थांबायचं. एकाच हातात वेगवेगळ्या टेबलांवर दोघे बाद झाले तर ती जागा आणि बक्षीस दोघांत विभागतात. एकाच टेबलावर दोघे बाद झाले, तर हात सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वर. हे माहीत नसेल तर गोंधळात चुकीच्या माणसाला ‘बबल बॉय’ करून टाकाल. म्हणून नियम एकच: कोण बाद झाला हे टूर्नामेंट डायरेक्टर जाहीर करेपर्यंत नाव टाकायचं नाही. खुर्ची सोडून उठला म्हणजे बाद झाला असं नसतं. माणूस लघवीलाही उठतो. हा धडाही अनुभवाचाच, तपशील विचारू नका.

वागणूक

हात चालू असताना ओळखीच्या खेळाडूशी बोलू नका, मराठीत तर नाहीच. टेबलावरच्या इतरांना ती भाषा कळत नसेल तर ते लगेच टेबलांवर देखरेख करणाऱ्या फ्लोअरवाल्याला बोलावतात, आणि त्यांचं बरोबर असतं. नांदेडचा कोणी दिसला म्हणून मी लांबून ‘काय पाव्हणं!’ म्हटलं होतं. त्याने मान वर केली नाही. मला तेव्हा माणूस गर्विष्ठ वाटला, त्याच्यासमोर ८०,००० चा निर्णय होता हे नंतर कळलं.

ज्या स्पर्धा लिहिता तिथे स्वतः खेळायचं नाही, कुणाच्या एंट्रीत भागीदारी घ्यायची नाही. अंतिम टेबलाचं प्रक्षेपण असेल तर ते मुद्दाम काही मिनिटं उशिरा दाखवतात, कारण त्यात खेळाडूंचे पालथे पत्ते दिसतात. प्रक्षेपणाच्या खोलीत बसायला मिळालं तर फोन बाहेर ठेवूनच जा.

नाव आणि पैसे

पोकरच्या बातमीत २००३ ची गोष्ट सगळे एकदा तरी घुसवतात: लास वेगासच्या जागतिक मालिकेत, जी १९७० पासून चालते, क्रिस मनीमेकर नावाचा हौशी अकाउंटंट ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. तुम्हीही घुसवा. पण ‘आपल्या मातीतला मनीमेकर’ असा मथळा देण्याआधी थांबा. बक्षिसाच्या रकमेवर ३० टक्के दराने कर आधीच कापला जातो. त्या माणसाने एकाच स्पर्धेत तीनदा एंट्री घेतलेली असू शकते. शेवटच्या दोन-तीन जणांनी आपसांत तडजोड करून रकमा वाटून घेतलेल्या असू शकतात. म्हणून ‘२० लाख जिंकले’ आणि ‘२० लाख कमावले’ यांत फरक करा, आणि तडजोडीनंतरचे आकडे टूर्नामेंट डायरेक्टरकडूनच घ्या.

नाव छापण्याआधी विचारा. पत्रक आयोजकांनी दिलं असलं तरी विचारा. आपल्याकडच्या खेळाडूच्या घरी बऱ्याचदा ‘कंपनीच्या कामाने गोव्याला’ असं सांगितलेलं असतं. आणि आपल्या वाचकांत असे लोक आहेत ज्यांच्या घरातलं शेत, मंगळसूत्र या नादात गेलंय. त्यांच्यासमोर जाहिरातीची भाषा ठेवायची नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, त्यात जाहिरातीवरही बंदी आहे. कुठल्या ॲपचं नाव, कूपन कोड, ‘तुम्हीही खेळून बघा’, यातलं काही मजकुरात येऊ देऊ नका. कुणी पैसे देऊ केले तरी नाही, आणि देणारे भेटतातच.

शेवटचा तास

अंतिम टेबलावर दोघे उरले की मोजणं सोपं होतं: एकाचे मोजा, एकूणातून वजा करा. शेवटचा हात आधी शब्दशः पाठवा. वर्णन, मुलाखत, विजेत्याचा फोटो नंतर. फोटोत जिंकलेले दोन पत्ते टेबलावर उघडे ठेवायची पद्धत आहे, तेव्हा पत्ते तुमच्या मजकुराशी जुळतात ना ते बघा, मी एकदा किलवरच्या जागी इस्पिक लिहून बसलो होतो आणि फोटो खालीच होता. निकालाची पूर्ण यादी सहीनिशी मिळते, तिच्यावरून बाद झालेल्यांचे क्रम दुरुस्त करा. मग किनाऱ्यावर येणाऱ्या बोटीत बसा. रात्री तीनला पणजीत जेवण मिळणं कठीण, त्यामुळे बॅगेत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या.